सकारात्मक विचार: रोजच्या जगण्यात आणि नात्यांत ते नेमकं काय बदलतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. सकारात्मक विचार केल्याने रोजच्या जगण्यात आणि नात्यांत खरोखर फरक पडतो का? पडत असेल, तर रोज सकाळी चांगली वाक्यं म्हणूनही काहींची चिडचिड तशीच का राहते? आणि घरात एकाने ‘जरा चांगला विचार कर ना’ म्हटलं की दुसऱ्याचा पारा का चढतो?

फरक पडतो, पण चांगली वाक्यं मनात घोळवल्याने नाही. एखादी गोष्ट घडल्यावर आपण तिचा जो अर्थ लावतो तो किती नेमका आहे, आणि त्यात पुढे काही करायला जागा उरते की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. नात्यांत आणखी एक गोष्ट येते. तुमच्या मनातले विचार समोरच्याला दिसत नाहीत. त्याला दिसतो तुमचा चेहरा, ऐकू येतो तुमचा आवाज, आणि कळतं ते तुम्ही उत्तर दिलंत की दिलं नाहीत एवढंच. विचार बदलला पण बोलणं-वागणं तसंच राहिलं, तर नात्याला त्याचा काही उपयोग नाही.

अर्थ लावायची सवय

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये प्रयोगातून दाखवलं की आपण काहीही केलं तरी त्रास थांबत नाही असा अनुभव वारंवार आला, की सुटकेचा मार्ग समोर असतानाही प्राणी प्रयत्न करत नाहीत. पुढे माणसांचा अभ्यास करताना सेलिगमन आणि सहकाऱ्यांना दिसलं की सगळी माणसं सारखी हात टेकत नाहीत. कोण टेकतं आणि कोण पुन्हा उभं राहतं, याचा संबंध वाईट घटनेचं कारण माणूस स्वतःला कसं सांगतो याच्याशी असतो. हे कारण तीन अंगांनी तपासता येतं. ते कायमचं आहे की या वेळेपुरतं? आयुष्यभर पसरलेलं आहे की या एका गोष्टीपुरतं? सगळं माझ्यामुळे झालं की इतर कारणंही होती?

समजा, मुलाखतीत निवड झाली नाही. ‘मला कुठेच काही जमत नाही’ हे एक कारण झालं. ‘दुसऱ्या फेरीत दोन प्रश्नांवर अडलो, त्या भागाची तयारी कमी पडली’ हे दुसरं. दुसरं वाक्य गोड नाही. त्यात अपयश मान्य केलेलं आहे, उणीवही सांगितलेली आहे. पण त्यात उद्या सकाळी बसून करता येईल असं एक काम आहे, पहिल्यात नाही. सकारात्मक विचाराची माझ्या मते खरी परीक्षा हीच: विचार करून झाल्यावर हाताला काही काम लागतं का?

चांगल्या घटनेबाबत काही जण याच्या बरोबर उलटं करतात. काम उत्तम झालं तर ‘नशीब’, ‘सोपंच होतं’, ‘सगळ्यांनी मदत केली’ असं म्हणून स्वतःचा वाटा पुसून टाकतात. अपयशाचं कारण नेमकं शोधायचं असेल तर यशाचंही तितकंच नेमकं शोधायला हवं. ‘आदल्या रात्री सगळी कागदपत्रं क्रमाने लावून ठेवली, म्हणून घाई झाली नाही’ हे वाक्य पुढच्या वेळी उपयोगी पडतं. ‘देवाची कृपा’ मनाला शांत करेल, पण पुढच्या वेळी काय करायचं ते सांगणार नाही.

वहीत लिहून विचार तपासणं

1950च्या दशकात अल्बर्ट एलिस यांनी आणि 1960च्या दशकात आरोन बेक यांनी ज्या उपचारपद्धतींचा पाया घातला, त्यांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे: घटना आणि भावना यांच्या मधे एक वाक्य असतं, ते पकडायचं. हे डोक्यातल्या डोक्यात जमत नाही, कारण तिथे तेच वाक्य पुन्हा पुन्हा फिरत राहतं. कागदावर उतरवावं लागतं. एका नोंदीला दहा ते पंधरा मिनिटं पुरतात. आठवड्यातून तीन-चार नोंदी, त्याही घटना घडली त्याच दिवशी. दोन दिवसांनी लिहायला बसलं की मूळ वाक्य विसरलेलं असतं आणि आपण शहाणं वाक्य लिहून मोकळे होतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन बघू. दुपारी नवऱ्याला फोन केला, तो ‘नंतर बोलतो’ म्हणाला आणि फोन ठेवला. रात्रीपर्यंत त्याचा फोन आला नाही.

सुरुवातीला फक्त घटना लिहायची, कॅमेऱ्याने टिपावी तशी: ‘दुपारी दोनला फोन केला. तो “नंतर बोलतो” म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.’ ‘त्याने मला झिडकारलं’ ही घटना नव्हे, तो अर्थ झाला. मग भावना एका शब्दात आणि तिची तीव्रता शंभरपैकी: राग 60, दुःख 70. मग मनात आलेलं वाक्य: ‘त्याला माझी किंमतच राहिलेली नाही.’ हे आत्ता किती खरं वाटतं? 85.

आता दोन रकाने. बाजूचा पुरावा: या आठवड्यात दोनदा असंच झालं, रविवारी बाहेर जायचं ठरलं होतं, ते त्याने रद्द केलं. विरुद्ध पुरावा: काल रात्री त्याने आपणहून तब्येतीची चौकशी केली, या महिन्यात त्याच्या कामाची शेवटची तारीख जवळ आहे, तो आईचाही फोन घेत नाहीये. यानंतर या घटनेचे आणखी निदान दोन अर्थ: तो बैठकीत होता आणि नंतर विसरला, किंवा घरी आल्यावर निवांत बोलू असं त्याने गृहीत धरलं. सगळं लिहून झालं की मूळ वाक्याला पुन्हा आकडा द्यायचा. 85 वरून 40 वर आला तरी पुष्कळ झालं. शून्यावर आणायचा अट्टहास करू नका. दोनदा असं झालंय हे खरंच आहे, ते पुसायचं कारण नाही.

शेवटच्या ओळीत पुढचं पाऊल: ‘रात्री जेवणानंतर सांगायचं: दुपारी तुझा फोन आला नाही तेव्हा मला वाईट वाटलं. कामात असलास तर दोन शब्दांचा निरोप टाकशील का?’ ही ओळ राहिली तर सगळी नोंद नुसती मनाची समजूत ठरते.

इथे चुका ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे विचाराच्या जागी प्रश्न लिहिणं: ‘तो असा का वागतो?’ प्रश्नाला पुरावा देता येत नाही. त्यामागचं विधान शोधायचं. ‘कारण त्याला माझी किंमत नाही’ हे ते विधान. दुसरी, पुराव्याच्या रकान्यात भावना लिहिणं: ‘मला तसं जाणवतं.’ जाणवणं खरं असतं, पण तो पुरावा नसतो. न्यायालयात टिकेल अशीच गोष्ट तिथे लिहायची. तिसरी आणि सर्वांत सर्रास होणारी म्हणजे पर्यायी अर्थ फार गोड लिहिणं: ‘त्याचं माझ्यावर जिवापाड प्रेम आहे, म्हणूनच तो इतकं काम करतो.’ हे मनाला पटत नाही, आकडा 85 च्या खाली हलत नाही, आणि आठवड्याभरात वही बंद पडते. पर्यायी अर्थ असा हवा की भांडणात नसलेल्या तिसऱ्या माणसालाही तो शक्य वाटावा.

लिहायला वेळ नसेल तेव्हा एक छोटी युक्ती चालते. स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव घ्यायचं, जवळच्या मैत्रिणीला सांगावं तसं. इथन क्रॉस यांच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगी कमी त्रास झाल्याचं दिसलं. आपण दुसऱ्याला जितकं समजूतदारपणे सांगतो, तितकं स्वतःला सांगत नाही. नाव घेतल्याने तेवढं अंतर मिळतं.

काय उलटं पडतं

‘मी यशस्वी आहे’, ‘मी सर्वांना हवीहवीशी आहे’ अशी वाक्यं रोज म्हणायचा सल्ला सरसकट दिला जातो. जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हे तपासलं. ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला होता त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचा कमी होता, म्हणजे ज्यांना खरी गरज होती, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. कारण समजण्यासारखं आहे. मनाला न पटणारं वाक्य म्हटलं की मन लगेच त्याच्या विरुद्धचे दाखले काढतं. त्यामुळे अशा वेळी दावा लहान करा. ‘मी आत्मविश्वासू आहे’ऐवजी ‘मागच्या महिन्यात बैठकीत मी एकदा बोललो, या महिन्यात दोनदा बोलेन.’ या वाक्याशी मन वाद घालत नाही.

वाईट विचार येऊच द्यायचा नाही, हा दुसरा सल्ला. डॅनियल वेग्नर यांच्या 1987 च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं गेलं. विचार येत राहिलाच. नंतर विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा तो सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा जास्त आला. म्हणून काळजी दाबायची नाही, तिला वेळ नेमून द्यायची. रोज ठरावीक जागी, ठरावीक वेळी अर्धा तास. अंथरुणावर नाही आणि झोपेच्या तोंडावरही नाही. दिवसभरात काळजी डोकावली की दोन शब्दांत टिपून ठेवायची आणि हातातल्या कामाकडे वळायचं. त्या अर्ध्या तासात यादी काढायची. ज्याचं काही करता येईल त्याचं पहिलं पाऊल लिहायचं, बाकीचं नुसतं वाचायचं. थॉमस बोर्कोव्हेक यांच्या गटाने 1983 मध्ये ही रीत तपासली होती, आणि आजही काळजीच्या विकारावर ती वापरली जाते. पहिला आठवडा जड जातो. टिपून ठेवल्यावरही विचार परत येतो, तेव्हा पुन्हा टिपायचं, एवढंच.

तिसरा सल्ला म्हणजे यश मिळालंय अशी कल्पना करा. इथे बारकावा आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. गॅब्रिएल ओटिंगन आणि थॉमस वॉडन यांनी 1991 मध्ये वजन कमी करणाऱ्या महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपलं वजन कमी होईल अशी ज्यांना खात्री होती, त्यांचं जास्त कमी झालं. पण सडपातळ झालेल्या स्वतःची गुलाबी चित्रं रंगवणाऱ्यांचं कमी झालं नाही तितकं. अपेक्षा आणि स्वप्नरंजन वेगळं. अपेक्षा मागच्या अनुभवावर उभी असते आणि माणसाला कामाला लावते. स्वप्नरंजनात मनाला बक्षीस आधीच मिळून जातं, अंगातला जोर ओसरतो.

यावरचा तोडगाही ओटिंगन यांनीच दिला. आधी इच्छा एका वाक्यात. मग ती पूर्ण झाली तर सर्वांत चांगलं काय होईल, याचं चित्र एक-दोन मिनिटं डोळ्यांसमोर. लगेच त्यानंतर, माझ्या आतला कोणता अडथळा मला अडवतो? आणि शेवटी ‘जर–तर’ची योजना. क्रम उलटा केला तर परिणाम राहत नाही. अडथळा बाहेरचा लिहिला तरी फसतं. ‘वेळ नाही’ हा बाहेरचा अडथळा. त्यामागे बहुधा ‘दमून घरी आलो की मोबाईल हातात घेतो आणि तास जातो’ असं काहीतरी आतलं असतं. तेच लिहायचं. मग योजना: ‘जर घरात शिरल्यावर मोबाईलकडे हात गेला, तर तो चार्जिंगला लावून आधी मुलीजवळ दहा मिनिटं बसेन.’ पीटर गोलवित्झर आणि पास्कल शीरन यांनी 2006 मध्ये अशा योजनांवरचे 94 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नुसत्या निश्चयापेक्षा ‘जर–तर’चा निश्चय बराच जास्त तडीस जातो असं दिसलं. एका वेळी एकच योजना. पाच योजना भिंतीवर चिकटवल्या की एकही पाळली जात नाही.

कृतज्ञतेची वही

हा उपाय सोपा आहे, म्हणून निष्काळजीपणे केला जातो. सेलिगमन यांच्या गटाने 2005 मध्ये तपासलेली पद्धत अशी: आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, आणि प्रत्येकीपुढे ती का घडली हे लिहायचं. ‘का’ गाळलं तर उरते नुसती यादी. ‘कुटुंब, आरोग्य, नोकरी’ असं तीन दिवस लिहिलं की चौथ्या दिवशी लिहायला काही सुचत नाही. त्याऐवजी: ‘दुपारी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने न सांगता माझ्या अहवालातली बेरीज तपासून दिली. कारण सकाळी मी घाईत असल्याचं त्याच्या लक्षात आलं होतं.’ इतकं बारीक लिहिलं की दुसऱ्या दिवशी नजर आपोआप अशा गोष्टी टिपू लागते.

पहिला आठवडा रोज, त्यानंतर आठवड्यातून एकदा पुरे. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही. रोजचं झालं की मन निर्ढावतं. आणि ज्याच्यामुळे चांगलं घडलं त्याला ते सांगून टाका. वहीत राहिलेल्या आभारांचा नात्याला काय फायदा?

इथेच एका गैरसमजाचा निकाल लावतो. ‘21 दिवसांत सवय लागते’ याला आधार नाही. फिलिपा लॅली यांच्या 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी साधी कृती अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, आणि माणसागणिक हा काळ 18 ते 254 दिवस इतका वेगळा होता. बाविसाव्या दिवशी जमत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. मधे एखादा दिवस चुकला तरी विशेष बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

नात्यांत काय घडतं

नात्यात अर्थ लावायची सवय दुप्पट जोराने काम करते, कारण समोरचा माणूस रोजचा असतो आणि जुन्या घटनांचा साठा भरपूर असतो. बायको उशिरा आली. समाधानी नात्यातला नवरा म्हणतो, ‘रस्त्यात अडकली असेल.’ विस्कटलेल्या नात्यातला म्हणतो, ‘तिला घरचं काही पडलेलंच नाही.’ तीच बायको फुलं घेऊन आली, तर पहिला म्हणतो, ‘तिच्या लक्षात राहतं’. दुसरा म्हणतो, ‘काहीतरी काम असणार.’ दुसऱ्याच्या घरात चांगली कृतीही कामी येत नाही, हे ध्यानात घ्या. म्हणून नात्यातली सुधारणा ‘त्याने काहीतरी चांगलं करावं’ इथून सुरू करून भागत नाही; आपण त्या कृतीला कोणतं कारण चिकटवतो, तिथून सुरू करावी लागते. ‘तो असाच आहे’ आणि ‘तो आज असं वागला’ या दोन वाक्यांतलं अंतर भांडणात फार मोठं ठरतं.

जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी जोडप्यांना मतभेदाच्या विषयावर बोलायला बसवून त्यांच्या संवादाचं निरीक्षण केलं. टिकून राहणाऱ्या जोडप्यांत वाद चालू असतानाही प्रत्येक नकारात्मक क्षणामागे साधारण पाच सकारात्मक क्षण होते. हे पाच क्षण म्हणजे कौतुकाची भाषणं नव्हेत. मान डोलावणं, ‘हं, हे तुझं बरोबर आहे’, मधेच एकत्र हसणं, आवाज खाली आणणं, ‘थांब, मी नीट ऐकलं नाही, परत सांग’, एवढंच. मात्र माणसाच्या भरभराटीसाठी चांगल्या-वाईट भावनांचं प्रमाण नेमकं 2.9 हवं असा एक आकडा फिरतो, तो सोडून द्या. त्यामागचं गणित निकोलस ब्राऊन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी 2013 मध्ये चुकीचं ठरवलं आणि ते मागे घेतलं गेलं.

गॉटमन यांचं दुसरं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. दिवसभरात माणसं एकमेकांचं लक्ष वेधायचे बारीक बारीक प्रयत्न करत असतात. ‘हे बघ, पाऊस आला वाटतं.’ ‘आज ऑफिसात काय झालं माहितेय?’ नुसता एक सुस्कारासुद्धा. नवविवाहित जोडप्यांचा सहा वर्षांनी पाठपुरावा केला, तेव्हा एकत्र राहिलेल्यांनी सुरुवातीला अशा प्रयत्नांना 86 टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, विभक्त झालेल्यांनी 33 टक्के. अशा प्रयत्नांत बोलायचा विषय बहुधा क्षुल्लकच असतो, म्हणून ते नजरेतून निसटतात. काय करायचं? घरात असताना दिवसातला एक तास निवडा आणि त्या तासात जोडीदार जे काही बोलेल त्याकडे मान वळवून, निदान एका वाक्याचं उत्तर द्या. कामात असाल तर ‘पाच मिनिटं दे, हे संपवतो आणि ऐकतो’, आणि पाच मिनिटांनी स्वतः जाऊन विचारा. हे दुसरं वाक्य पाळलं नाही तर पहिलं न बोललेलंच बरं.

चांगली बातमी कशी ऐकता?

नाती वाईट प्रसंगात कळतात असं आपण म्हणतो. शेली गेबल यांच्या 2004 मधल्या कामातून असं पुढे आलं की चांगली बातमी कशी ऐकली जाते यावरही नात्याची जवळीक बरीच अवलंबून असते. बायको सांगते, ‘मला त्या प्रकल्पाची जबाबदारी मिळाली.’ चार तऱ्हेची उत्तरं येतात. मोबाईलमधून नजर न काढता ‘अरे वा, छान.’ किंवा ‘म्हणजे आता आणखी उशीर होणार घरी यायला. झेपेल का तुला?’ किंवा ‘बरं, जेवायला काय आहे?’ आणि चौथं: ‘काय सांगतेस! कोणी सांगितलं? तू काय म्हणालीस त्यावर?’ नातं या चौथ्यानेच घट्ट होतं.

दुसरं उत्तर देणारा बहुतेक वेळा वाईट हेतूने बोलत नाही, काळजीपोटी बोलतो. पण ऐकणाऱ्याला काळजी पोहोचत नाही, आनंदावर पडलेलं विरजण तेवढं पोहोचतं. काळजीचा प्रश्न खरा असेल तर तो दुसऱ्या दिवशी विचारा. आधी निदान दोन प्रश्न त्या बातमीबद्दल, ज्यांचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये संपत नाही असे. मुलांच्या बाबतीतही हेच, फक्त एक जोड आहे. गुण चांगले मिळाल्यावर ‘तू हुशारच आहेस’ म्हणण्याऐवजी त्याने काय केलं ते बोला: ‘रोज पाच गणितं सोडवलीस, त्याचा उपयोग झाला.’ क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढच्या अपयशानंतर लवकर हिरमुसली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली.

भांडणासाठी एक उपाय अगदी थोडा वेळ घेतो. एली फिंकल यांच्या 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 120 जोडप्यांचा दोन वर्षं पाठपुरावा झाला. त्यातल्या निम्म्यांनी दुसऱ्या वर्षी दर चार महिन्यांनी सात मिनिटं एक लेखन केलं, म्हणजे वर्षाला 21 मिनिटं. अलीकडच्या मोठ्या भांडणाकडे दोघांचंही भलं इच्छिणारा तटस्थ माणूस कसा बघेल, त्याला यातून काय चांगलं निघताना दिसेल, असं बघताना मला काय आडवं येतं आणि पुढच्या वेळी ते कसं जमवेन, हे लिहायचं. न लिहिणाऱ्या जोडप्यांचं समाधान घसरत राहिलं, लिहिणाऱ्यांची घसरण थांबली. भांडणं कमी झाली नाहीत. भांडणाचा त्रास कमी झाला. लिहिताना तो तटस्थ माणूस आपलाच वकील होऊ लागतो, हा यातला मुख्य धोका. तुमच्या लेखनात तुमच्याबद्दल एकही न आवडणारं वाक्य नसेल तर पुन्हा लिहा.

हसरा मुखवटा आणि चांगुलपणाची मर्यादा

राग आल्यावर चेहऱ्यावर दिसू न देणं म्हणजे सकारात्मक राहणं, असं समजणारे पुष्कळ आहेत. एमिली बटलर, जेम्स ग्रॉस आणि सहकाऱ्यांच्या 2003 च्या अभ्यासात, बोलताना भावना दाबून धरायला सांगितलेल्या व्यक्तीच्या समोर बसलेल्या व्यक्तीचाही रक्तदाब वाढला आणि त्यांच्यात जवळीक निर्माण होणं अवघड गेलं. समोरच्याला कळतं की काहीतरी अडलंय, काय ते कळत नाही. अर्थ बदलल्याने राग खरंच उतरला असेल तर उत्तम. उतरला नसेल तर तो साध्या वाक्यात सांगा: घटना, भावना, मागणी. वर वहीत लिहिलेली शेवटची ओळ त्याच साच्यातली आहे.

आता सर्वांत महत्त्वाची मर्यादा. जेम्स मॅकनल्टी आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं की जोडीदाराच्या वागण्याचा उदार अर्थ लावणं किरकोळ अडचणी असलेल्या जोडप्यांना मानवतं. पण अडचणी गंभीर असतात तिथे तशीच उदारता ठेवली तर प्रश्न सुटत नाहीत, साचत जातात आणि समाधान घटतं. ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्याला संशयाचा फायदा द्या. हात उगारणाऱ्याला, पैसे अडवणाऱ्याला, फोन तपासणाऱ्याला, माणसांपासून तोडणाऱ्याला तो देऊ नका. ‘मी सकारात्मक राहिले तर तो बदलेल’ हा विचार तिथे घातक आहे. विश्वासातल्या एखाद्या माणसाला सांगणं, सुरक्षित जागा पाहून ठेवणं, कायद्याची मदत घेणं ही तिथली कामं.

आजारपणातही तसंच. आशावाद आणि दीर्घायुष्य यांचा संबंध मोठ्या अभ्यासांत दिसला आहे. 2019 मधल्या अमेरिकन अभ्यासात सर्वांत आशावादी गटाचं आयुर्मान सरासरी 11 ते 15 टक्के जास्त आढळलं. यावरून ‘चांगले विचार केले असते तर बरा झाला असता’ असं कुणाला म्हणणं चूकही आहे आणि क्रूरही. जेम्स कॉयन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये डोकं व मानेच्या कर्करोगाच्या 1,093 रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा मनःस्थिती चांगली असण्याने जगण्याचा काळ वाढल्याचं आढळलं नाही. रुग्णाला रडायची, घाबरायची मुभा हवी.

उदासी, कशातच रस न वाटणं, झोप किंवा भूक बिघडणं हे बहुतेक दिवस, दिवसभर, सलग दोन आठवडे टिकलं तर वह्या बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूच नका, त्याच दिवशी भेटा. घरातलं कुणी अशा अवस्थेत असेल तर ‘सकारात्मक राहा’ हे त्याला सांगू नका. त्याच्या कानावर ते ‘तुझ्या त्रासाला तूच जबाबदार’ असं पडतं. आधी विचारा, ‘किती दिवसांपासून असं होतंय?’ आणि उत्तर मधे न तोडता ऐका. मग ‘डॉक्टरांची वेळ मी घेऊ का? मी सोबत येतो.’ तो नको म्हणाला तर वाद घालू नका, दोन दिवसांनी पुन्हा विचारा.